विप्रोच्या जुन्या शेअरचा खरा परतावा कसा काढायचा

‘1980 साली विप्रोचा 100 रुपयांचा एकच शेअर घेऊन ठेवला असता तर आज इतके कोटी झाले असते’ हा मेसेज अधूनमधून फिरत असतो. त्यातली शेअरची संख्या बहुधा बरोबर असते, परताव्याचा मात्र त्यात पत्ता नसतो. 1945 साली अमळनेरला वनस्पती तुपाची कंपनी म्हणून सुरू झालेल्या विप्रोचे शेअर खानदेशात वारशानंही आलेले आहेत, म्हणून उदाहरण तिचंच घेऊ. पद्धत कुठल्याही शेअरला चालते.

आधी शेअर मोजा

बोनसच्या (कंपनीनं फुकट दिलेल्या शेअरांच्या) प्रमाणात पहिला आकडा नव्या शेअरांचा, दुसरा जुन्यांचा. दोन्हींची बेरीज करून जुन्या आकड्यानं भागलं की गुणक मिळतो. म्हणजे 1:1 ला दुप्पट, 2:1 ला तिप्पट, 2:3 ला 5/3 पट. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. 2:1 बोनस ऐकून लोक दुप्पट करून मोकळे होतात. स्प्लिटमध्ये (एका शेअरचे लहान तुकडे करताना) जुनी दर्शनी किंमत, म्हणजे शेअरवर छापलेली, भागिले नवी.

1980 चा एक शेअर असा वाढत गेला:

1981, बोनस 1:1 – 2
1985, 1:1 – 4
1986, स्प्लिट 100 चे 10 – 40
1987, 1:1 – 80
1989, 1:1 – 160
1992, 1:1 – 320
1995, 1:1 – 640
1997, 2:1 – 1,920
1999, स्प्लिट 10 चे 2 – 9,600
2004, 2:1 – 28,800
2005, 1:1 – 57,600
2010, 2:3 – 96,000
2017, 1:1 – 1,92,000
2019, 1:3 – 2,56,000
2024, 1:1 – 5,12,000

तुमची खरेदी ज्या तारखेची, त्यानंतरचेच गुणक घ्यायचे. बोनसमध्ये अर्धामुर्धा शेअर मिळत नाही. 10 शेअरवर 2:3 म्हणजे 6.67, त्यातले 6 खात्यात येतात आणि उरलेल्याचे पैसे मिळतात. त्यामुळे हिशेब आणि हातातली संख्या यांत एकदोन शेअरचा फरक असेल तर सोडून द्या.

फरक मोठा असेल तर शोध घ्यायला हवा. सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही की शेअर सरकारच्या आयईपीएफ या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे जातात, आणि जुन्या पत्त्यावर पाठवलेली बोनसची प्रमाणपत्रं परत गेलेली असू शकतात. प्रमाणपत्रावरचा फोलिओ (भागधारकाच्या खात्याचा) क्रमांक घेऊन आधी रजिस्ट्रारकडे, म्हणजे भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे (विप्रोसाठी केफिन टेक्नॉलॉजीज) चौकशी करा. निधीकडे गेलेल्या शेअरांचा दावा आयईपीएफ-5 फॉर्मनं करायचा. कागदी शेअर एप्रिल 2019 पासून, वारसाहक्कासारखे अपवाद सोडले तर, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, त्यामुळे विकण्याआधी ते डीमॅट (इलेक्ट्रॉनिक खात्यात जमा) करून घ्यावे लागतात.

मग पैशाची वही

एक्सेलमध्ये दोन स्तंभ पुरतात, तारीख आणि रक्कम. खरेदीची रक्कम उणे चिन्हानं लिहा, हाती आलेला प्रत्येक पैसा अधिकनं.

लाभांश लिहिताना त्या रेकॉर्ड डेटला (लाभांश कुणाला ते ज्या दिवशीच्या नोंदीवरून ठरतं) जितके शेअर होते तितक्यांनीच गुणा. आजच्या संख्येनं 1998 चा लाभांश गुणला तर आकडा कित्येक पटींनी फुगतो. जुन्या अहवालांत लाभांश टक्क्यांत दिलेला असतो आणि तो दर्शनी किमतीवरचा असतो: 2 रुपयांच्या शेअरवर 50 टक्के म्हणजे एक रुपया. एप्रिल 2020 पासून लाभांशावर तुमच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो, म्हणून तिथून पुढे कर वजा करून लिहा.

बायबॅकमध्ये (कंपनीच आपले शेअर परत विकत घेते तेव्हा) शेअर दिले असतील (2016 मध्ये 625 रुपये, 2017 मध्ये 320, 2019 मध्ये 325, 2020-21 मध्ये 400, 2023 मध्ये 445) तर ती रक्कम त्या तारखेला जमा धरा आणि तितके शेअर तिथेच कमी करा. पुढचा बोनस त्यांना लागू होत नाही.

2013 चं कंपनीचं विभाजन बरेच जण विसरतात. साबण, दिव्यांचा धंदा विप्रो एंटरप्रायझेसमध्ये वेगळा झाला. भागधारकांना दर 5 शेअरमागे तिचा एक शेअर, किंवा 50 रुपयांचा प्रेफरन्स शेअर (ठरावीक दरानं लाभांश देणारा), किंवा त्या बदल्यात विप्रोचेच शेअर असे पर्याय होते. घरात कुठला निवडला होता ते शोधा. नव्या कंपनीची बाजारात नोंदणी नाही, त्यामुळे तिची किंमत अंदाजानं विप्रोच्या रकमेत मिसळू नका, वेगळी ओळ ठेवा.

विलीनीकरणातही हाच गुणक चालतो, फक्त तो एकापेक्षा कमी असू शकतो. 2013 मध्ये सत्यमच्या 17 शेअरांचे टेक महिंद्रचे 2 झाले.

शेवटच्या ओळीत आजची तारीख आणि आजचं मूल्य लिहा आणि एक्सआयआरआर (XIRR) हे सूत्र लावा. उत्तर द.सा.द.शे. चक्रवाढ दरात येतं. एरर आली तर दोन गोष्टी तपासा. तारखा मजकूर म्हणून टाइप झाल्यात का? आणि पहिल्या ओळीआधीची एखादी तारीख खाली राहिली आहे का?

संकेतस्थळावरचा ‘अ‍ॅडजस्टेड’ भाव वापरत असाल तर गुणक लावू नका, बोनस-स्प्लिट त्यात आधीच धरलेले असतात. काही ठिकाणी लाभांशही धरलेला असतो.

आकडे काय सांगतात

हिशेबापुरता आजचा भाव 250 धरू. 5,12,000 शेअरांचे 12.8 कोटी झाले. 100 रुपयांवर, 45 वर्षांत, लाभांश सोडून हा दर साधारण 36.7 टक्के पडतो. पण 100 ही दर्शनी किंमत आहे, बाजारभाव नव्हे. खरेदी 1,000 ला झाली असं धरलं तर दर 29.9 टक्क्यांवर येतो.

आता फेब्रुवारी 2000 मध्ये घेणाऱ्याचं बघा. तेव्हा भाव 9,000 च्या वर गेला होता. त्यानंतरचे सगळे गुणक मिळून 53.33 होतात, म्हणजे 9,000 ची खरेदी आजच्या हिशेबानं 168.75 रुपयांची. 250 च्या भावानं 25 वर्षांत दीडपटही नाही, वर्षाला जेमतेम 1.6 टक्के. लाभांश आणि विभाजनातला शेअर धरून हा दर थोडा वर जाईल, पण बँकेच्या ठेवीनंही याहून जास्त दिलं असतं. कंपनी तीच, बोनसही तेच. म्हणून बोनसच्या संख्येवरून शेअर चांगला ठरवण्यात अर्थ नाही. तुलना करायची तर त्याच तारखांच्या निफ्टी 50 टीआरआयशी (लाभांश धरून काढलेल्या निर्देशांकाशी) करा; साध्या निफ्टीत लाभांश नसतो.

विकताना

एक्स्चेंजवर विकल्यास दीर्घकालीन (वर्षाहून जास्त ठेवलेल्या शेअरांच्या) नफ्यावर 12.5 टक्के कर आहे आणि आर्थिक वर्षात 1.25 लाखांपर्यंतचा नफा माफ आहे. 31 जानेवारी 2018 पर्यंत हाती आलेल्या शेअरांना, बोनसच्याही, त्या दिवसाचा सर्वाधिक भाव किंवा विक्रीचा भाव यांतला जो कमी तो खरेदीखर्च म्हणून धरता येतो (मूळ खर्च त्याहून जास्त असेल तर मूळच). 2019 आणि 2024 चे बोनस मात्र शून्य खर्चाचे.

विप्रोचा त्या दिवशीचा भाव 300 रुपयांच्या आसपास होता. म्हणजे वरच्या उदाहरणात 250 ला विकल्यास 1,92,000 शेअरांवर करपात्र नफाच नाही, आणि उरलेल्या 3,20,000 वर प्रत्येकी अख्खे 250 नफा. डीमॅट खात्यातून आधी आलेले आधी निघतात, त्यामुळे पहिल्या विक्रीला कर लागला नाही म्हणून पुढेही लागणार नाही असं धरून बसू नका. शून्य खर्चाच्या शेअरांपर्यंत पोचलात की दर वर्षी 500 शेअर, दुसरा दीर्घकालीन नफा नसेल तर, माफीच्या मर्यादेत बसतात.