एचआरमधील करिअरसाठी पीएचडी करावी का? निर्णय कसा घ्यावा

मनुष्यबळ (एचआर) विभागात आठ-दहा वर्षे काम केल्यानंतर पीएचडीचा विचार अनेकांच्या मनात येतो. बढती थांबलेली असते, एखादा सहकारी नावापुढे 'डॉ.' लावू लागलेला असतो आणि महाविद्यालयात शिकवण्याची इच्छाही जुनीच असते. ही तीन वेगवेगळी कारणे आहेत आणि पीएचडी त्यांपैकी प्रत्येकाला सारखी उपयोगी पडत नाही. म्हणून प्रवेश परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वी महिनाभर पुढील क्रमाने विचार करावा.

पहिली पायरी : हवे असलेले पद निश्चित करणे

पाच वर्षांनी आपल्याला ज्या पदावर असावेसे वाटते, त्या पदाच्या काही जाहिराती गोळा कराव्यात आणि त्यांतील पात्रतेचा रकाना नीट वाचावा. कारखान्यातील एचआर मॅनेजर, आयटी कंपनीतील एचआर बिझनेस पार्टनर किंवा अगदी सीएचआरओ (मनुष्यबळ विभागाचे प्रमुख) या पदांसाठीही साधारणपणे एमबीए, एमपीएम (कर्मचारी व्यवस्थापन), एमएसडब्ल्यू (समाजकार्य) किंवा एमएलएस (कामगार अभ्यास) यांपैकी एका पदव्युत्तर पदवीचीच मागणी असते आणि औद्योगिक संबंध सांभाळणाऱ्याकडे कायद्याची पदवी असली तर तिला वजन मिळते. पीएचडीचा उल्लेख तेथे क्वचितच दिसतो. अध्यापनाचे मात्र वेगळे आहे. जुलै 2023 पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा सेट (राज्य पात्रता परीक्षा) ही किमान पात्रता असून पीएचडी ऐच्छिक आहे. परंतु सहयोगी प्राध्यापक आणि त्यापुढील पदांसाठी पीएचडी लागतेच. या दोन टोकांच्या मध्ये सल्लागार, नेतृत्वविकासाचे प्रशिक्षक आणि कर्मचाऱ्यांच्या माहितीचे संख्याशास्त्रीय विश्लेषण करणारे लोक येतात. त्यांना पदवीपेक्षा संशोधनाच्या पद्धतीचा उपयोग होतो आणि माझ्या मते नोकरी न सोडता पीएचडी करण्याचे सर्वांत सबळ कारण याच गटाकडे असते.

दुसरी पायरी : एका पानाचा प्रश्न लिहिणे

माझ्या दृष्टीने हीच खरी परीक्षा आहे. शोधगंगा या संकेतस्थळावर भारतीय विद्यापीठांतील प्रबंध मोफत वाचता येतात. तेथे मनुष्यबळ व्यवस्थापनातील तीन-चार प्रबंध उघडून त्यांची संशोधन पद्धती आणि निष्कर्षांची प्रकरणे वाचावीत. 'कर्मचारी समाधानाचा अभ्यास : विशेष संदर्भ पुणे जिल्हा' अशा धाटणीची शीर्षके वारंवार भेटतील आणि त्यातून प्रश्न सैल राहिला की काय होते ते कळेल : प्रश्नावली वाटली जाते, टक्केवारीचे तक्ते तयार होतात आणि शेवटी पगार वाढला की समाधान वाढते एवढेच हाती लागते. त्याउलट, चाकणच्या वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात काम करणाऱ्याला असा प्रश्न विचारता येईल : दिवाळीला गावी गेलेल्या कंत्राटी कामगारांपैकी कोण परत येतो, कोण येत नाही, आणि त्याचा ठेकेदाराकडून मिळणाऱ्या उचलीशी, राहण्याच्या सोयीशी किंवा पाळीच्या वेळांशी काय संबंध आहे? या प्रश्नासाठी हजेरीपत्रके लागतील, ठेकेदारांच्या नोंदी लागतील आणि त्या वापरण्यासाठी कंपनीची लेखी परवानगीही लागेल. आपल्या अनुभवातून असा एक तरी प्रश्न निघत असेल आणि त्यासाठीची माहिती मिळण्याची शक्यता असेल, तर पुढे जावे. महिनाभर प्रयत्न करूनही पान कोरेच राहिले, तर पीएचडी तूर्त बाजूला ठेवणेच हिताचे आहे.

तिसरी पायरी : वेळेचा आणि नियमांचा अंदाज घेणे

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या विनियमांनुसार पीएचडीचा किमान कालावधी तीन वर्षांचा आणि कमाल सहा वर्षांचा आहे. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात आणि महिलांना त्याहून दोन वर्षांची जास्तीची सवलत आहे. पदव्युत्तर पदवीला सर्वसाधारणपणे 55 टक्के गुण हवेत आणि किमान 12 श्रेयांकांचा (क्रेडिट) कोर्सवर्क, म्हणजे ठरावीक अभ्यासक्रम, पूर्ण करावा लागतो. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएचडी करता येते, मात्र त्यासाठी कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. त्यात उमेदवाराला संशोधनासाठी पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कामातून मोकळे केले जाईल, असे कंपनीने लिहून द्यायचे असते. अप्रेझलच्या, म्हणजे वार्षिक कामगिरी मूल्यमापनाच्या, हंगामात आपले वरिष्ठ हे पाळतील का, याचा प्रामाणिक अंदाज आपल्यालाच असतो.

चौथी पायरी : पैशाचा हिशेब मांडणे

पूर्णवेळ पीएचडीसाठी नोकरी सोडण्याचा विचार असेल, तर कागदावर आकडे मांडावेत. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे जेआरएफ, पहिली दोन वर्षे महिना 37,000 रुपये आणि त्यानंतर 42,000 रुपये मिळते. आज पगार महिना एक लाख असेल, तर छात्रवृत्तीसोबतचा घरभाडे भत्ता हिशेबात न धरता तीन वर्षांत 22 लाखांहून अधिक उत्पन्न सोडावे लागते. शिवाय जेआरएफची वयोमर्यादा सर्वसाधारणपणे 30 वर्षांची आहे. महिला आणि राखीव प्रवर्गांना तीत सवलत आहे, पण मधल्या वयात अभ्यासाकडे वळणाऱ्या अनेकांना ही छात्रवृत्ती मिळणार नाही, हे धरूनच चालावे.

पाचवी पायरी : मार्गदर्शक आणि संस्था तपासणे

ज्यांची निवृत्ती तीन वर्षांच्या आत आहे, असे प्राध्यापक नवे संशोधक घेऊ शकत नाहीत. म्हणून मार्गदर्शकाचा उरलेला सेवाकाळ आणि त्यांच्याकडील विद्यार्थ्यांना लागलेला वेळ सरळ विचारावा. सध्याच्या विद्यार्थ्यांपैकी दोघांशी मार्गदर्शकाच्या अनुपस्थितीत बोलणे अधिक उपयोगी पडते. ऑनलाइन किंवा दूरशिक्षणातून पीएचडी देण्याची तयारी दाखवणाऱ्यांपासून पूर्ण दूर राहावे, कारण अशा पदवीला आयोगाची मान्यता नाही. नियम न पाळल्याबद्दल आयोगाने जानेवारी 2025 मध्ये राजस्थानातील तीन खासगी विद्यापीठांना पाच वर्षांसाठी पीएचडीचे प्रवेश बंद केले होते. त्यामुळे शुल्क भरण्यापूर्वी आयोगाच्या संकेतस्थळावरील सूचना वाचाव्यात.

हे सर्व तपासूनही मन दोलायमान असेल, तर आधी नेट द्यावी. मनुष्यबळ व्यवस्थापन आणि कामगार कल्याण हा विषय तेथे स्वतंत्रपणे उपलब्ध आहे, त्याची तयारी नोकरी सांभाळून करता येते आणि नेटच्या आधारे सहायक प्राध्यापकपदासाठी अर्जही करता येतो.