रसायनशास्त्राच्या पदवीसाठी विद्यापीठांची यादी करताना आधी लॅबचे तास मोजा

एकाच नावाच्या दोन पदव्या घ्या. एकीत विद्यार्थी आठवड्यातून एकदा, तीन तास लॅबमध्ये जातो. दुसरीत आठवड्यातून दोनदा जातो. वर्षाला शिकवण्याचे २४ आठवडे धरले तर तीन वर्षांत पहिल्याचे २१६ तास भरतात आणि दुसऱ्याचे ४३२. पदवीच्या कागदावर मात्र दोघांच्याही ‘रसायनशास्त्र’ एवढंच छापलेलं असतं. फरक कळतो तो पहिल्या नोकरीत किंवा संशोधनाच्या पहिल्या आठवड्यात. कुणीतरी फ्लास्क हातात देतं, ‘यातला सॉल्व्हंट रोटाव्हॅपवर काढून आण’ म्हणतं (रोटाव्हॅप म्हणजे कमी दाबाखाली द्रावक उडवून काढायचं यंत्र), आणि निर्वात आधी सुरू करायचा की फ्लास्क आधी गरम पाण्यात उतरवायचा, हेच आठवत नाही.

म्हणून यादी करायला बसलात की क्रम उलटा ठेवा. हाताला काय शिकायला मिळणार ते आधी बघा. मग अभ्यासक्रम, मग खर्च आणि प्रवेशाची शक्यता. विद्यापीठाचं नाव सगळ्यात शेवटी.

आधी पदवी कोणती, ते नक्की करा

इथली चूक पुढे सुधारणं महाग पडतं. केमिकल इंजिनिअरिंग म्हणजे जास्त पगाराचं रसायनशास्त्र नव्हे. त्यात उष्णतेचं आणि वस्तुमानाचं वहन, द्रवांचे प्रवाह, रासायनिक रिअॅक्टरची (अणुभट्टीची नव्हे) रचना आणि प्रक्रियेचं नियंत्रण शिकवतात. नवं संयुग कसं घडवायचं, हा तिथला मुख्य प्रश्न नसतो. घडलेलं संयुग टनांनी कसं काढायचं, हा असतो. औषधनिर्माणशास्त्र आणि जैवरसायनशास्त्र यांचेही रस्ते वेगळे आहेत. ‘मेडिसिनल केमिस्ट्री’, ‘फॉरेन्सिक केमिस्ट्री’, ‘ग्रीन केमिस्ट्री’ अशी आकर्षक नावं दिसली तर तो अभ्यासक्रम आणि त्याच विभागाचा साधा रसायनशास्त्राचा अभ्यासक्रम शेजारी ठेवून ताडून बघा. नव्या नावाच्या विषयांसाठी फिजिकल केमिस्ट्रीचे पेपर कापले असतील, तर पुढे पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी अडचण येऊ शकते.

पदवीचा ढाचाही पाहा. काही ठिकाणी पदवी तीन वर्षांची असते, काही ठिकाणी चार, आणि काही ठिकाणी मास्टर्सला जोडून सलग. पुढे दुसऱ्या देशात जायचा विचार असेल तर तिथे तीन वर्षांची पदवी थेट चालते का, हे आत्ताच तपासा. उद्योगातलं एक वर्ष अंतर्भूत असलेले अभ्यासक्रम उत्तम असतात, पण त्यात विचारायचा प्रश्न एकच: ती जागा विद्यापीठ मिळवून देतं, की विद्यार्थ्याने स्वतः शोधायची? आणि जागा मिळालीच नाही तर विद्यार्थी कुठल्या अभ्यासक्रमात जमा होतो?

लॅब: तास, यंत्रं आणि त्यांना हात लावायची परवानगी

माहितीपत्रकात चकचकीत यंत्राशेजारी उभी असलेली हसरी विद्यार्थिनी सगळीकडे असते. ते चित्र सोडा आणि विभागाच्या संकेतस्थळावरची विषयवार माहिती उघडा. बहुतेक ठिकाणी प्रत्येक विषयासमोर व्याख्यानांचे आणि प्रात्यक्षिकांचे तास स्वतंत्र दिलेले असतात. फक्त क्रेडिट दिले असतील तर फसू नका. युरोपातल्या ईसीटीएस पद्धतीत वर्षाला ६० क्रेडिट असतात आणि एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं एकूण काम. त्यात घरचा अभ्यास, जर्नल लिहिणं आणि परीक्षेची तयारीही येते. त्यामुळे ‘प्रात्यक्षिक, ५ क्रेडिट’ यावरून लॅबमध्ये किती वेळ उभं राहायचं आहे ते कळत नाही. तास लिहिलेले नसतील तर विचारून घ्या.

मोजायला पट्टी हवी असेल तर ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीच्या मान्यतेचा निकष घ्या: बॅचलर पदवीसाठी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प सोडून ३०० तास, जोड-मास्टर्ससाठी ४००. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या २०१५ च्या निकषांत सुरुवातीचं सामान्य रसायनशास्त्र वगळून ४०० तास होते. तुमच्या यादीतलं विद्यापीठ याच्या निम्म्यावर असेल तर त्याचं कारण विचारायला हवं.

तासांनंतर यंत्रं. एनएमआर म्हणजे नमुना मोठ्या चुंबकात ठेवून रेणूची रचना ओळखणारं यंत्र. ‘आमच्याकडे एनएमआर आहे’ या वाक्याचे चार वेगवेगळे अर्थ होतात. एक, ४०० मेगाहर्ट्झचं, म्हणजे साधारण ९.४ टेस्ला चुंबकाचं यंत्र आहे आणि प्रशिक्षण दिल्यावर विद्यार्थी स्वतः नमुना लावतात. दोन, यंत्र आहे, पण विद्यार्थ्याने नळी देऊन यायचं आणि दोन दिवसांनी छापील वर्णपट घेऊन यायचं. तीन, शिकवण्यासाठी ६० किंवा ८० मेगाहर्ट्झचं टेबलावर मावणारं छोटं यंत्र आहे. यात कमीपणा काही नाही; उलट त्याला द्रव हेलियम लागत नाही, ते सतत चालू राहतं आणि हातही बसतो. चार, मोठं यंत्र आहे, पण बंद आहे. अतिवाहक चुंबकाला वेळच्या वेळी द्रव हेलियम भरावंच लागतं. ते महाग आहे आणि पुरवठा अडला की यंत्र गप्प बसतं. त्यामुळे ‘आहे का?’ असं विचारू नका. ‘दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी ते स्वतः चालवतो का, आणि गेल्या सत्रात ते किती दिवस चालू होतं?’ असं विचारा.

हीच चौकशी एफटीआयआर, यूव्ही-व्हिजिबल, एचपीएलसी आणि जीसी-एमएस या, नमुन्यात काय आणि किती आहे ते शोधणाऱ्या इतर यंत्रांबद्दल करा. औद्योगिक गुणवत्ता नियंत्रणात जायचं असेल तर एचपीएलसी आणि जीसीवर घालवलेले तास इतर सगळ्यापेक्षा जास्त उपयोगी पडतात. संश्लेषणाकडे ओढा असेल तर फ्युम हूड (घातक वाफा ओढून घेणारं काचेचं कपाट) माणशी एक आहे की तिघांत एक, आणि हवेपासून जपून काम करायची श्लेंक लाइन किंवा ग्लोव्हबॉक्स पदवीच्या विद्यार्थ्यांना कधी वापरायला मिळतो, ते बघा. प्रयोग एकट्याने करायचे की जोडीने, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. चौघांच्या गटात एक टायट्रेट करतो, एक लिहितो आणि दोघं बघतात.

भेट द्यायची संधी मिळाली तर सभागृहातलं भाषण संपायची वाट न बघता लॅब पाहायला मागा. सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मे आहेत का? फ्युम हूडची काच खाली ओढलेली आहे की हूडचं कोठार झालंय? डोळे धुण्याच्या नळापर्यंत वाट मोकळी आहे का? डायएथिल ईथर आणि टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) या सॉल्व्हंटच्या बाटल्यांवर उघडल्याची तारीख आहे का, तेही बघा. हवा लागली की यांत पेरॉक्साइड तयार होतात आणि ते स्फोटक असतात, म्हणून शिस्तीच्या लॅबमध्ये ती तारीख असतेच. जिथे ती नाही, तिथे इतर बाबतींतही कुणी विचारणारं नसतं.

आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. तो वैयक्तिक आहे की गटाचा? संशोधनगटाच्या लॅबमध्ये बसून करायचा की ग्रंथालयात? विद्यार्थीसंख्या फुगलेल्या विभागांत निम्म्या विद्यार्थ्यांना फक्त संशोधनसाहित्याचा आढावा घ्यायला लावतात आणि त्यालाच प्रकल्प म्हणतात. आवड म्हणून आढावा घेणं वेगळं आणि लॅबमध्ये जागा नाही म्हणून घ्यावा लागणं वेगळं.

अभ्यासक्रमात काय शोधायचं

ऑरगॅनिक, इनऑरगॅनिक, फिजिकल आणि अॅनॅलिटिकल हे चार खांब दुसऱ्या वर्षाअखेरपर्यंत उभे राहिलेले दिसले पाहिजेत. स्पेक्ट्रोस्कोपी स्वतंत्रपणे, सविस्तर शिकवलेली असावी. गणिताकडे विशेष लक्ष द्या. कलनशास्त्र, विकल समीकरणं आणि थोडं रेषीय बीजगणित यांच्याशिवाय क्वांटम रसायनशास्त्र म्हणजे सूत्रांचं पाठांतर होतं. गणित रसायनशास्त्र विभागच गरजेपुरतं शिकवतो की विद्यार्थ्यांना थेट गणित विभागाच्या वर्गात पाठवतात, ते पाहा. बारावीला गणित नसलेल्यांनी हा मुद्दा आधीच तपासावा. अनेक ठिकाणी त्यांना अर्जच करता येत नाही, आणि जिथे येतो तिथे पहिल्या वर्षी भरपाईचा पेपर घ्यावा लागतो.

ऐच्छिक विषयांची लांबलचक यादी पाहून हुरळू नका. त्यातले बरेच विषय दर वर्षी चालतच नाहीत: शिकवणारा रजेवर असतो किंवा नोंदणी कमी होते. गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष कोणते चालले, एवढं विचारा.

मान्यता आणि क्रमवारी

रसायनशास्त्राच्या संस्थांची मान्यता विद्यापीठाला नसते, अभ्यासक्रमाला असते. रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीच्या यादीत एका विभागाची एक पदवी असेल आणि त्याच विभागाची दुसरी नसेल, असं होतं. अमेरिकेत आणखी एक मेख आहे: अमेरिकन केमिकल सोसायटीने मान्यता दिलेल्या अभ्यासक्रमातूनही प्रत्येकाला प्रमाणित पदवी मिळत नाही. त्यासाठी ठरवून दिलेले विषय आणि लॅब पूर्ण करावे लागतात. हलक्या पर्यायाने पदवी घेतली तर प्रमाणपत्र नाही.

जागतिक क्रमवाऱ्या मुख्यतः संशोधन मोजतात. २००३ पासून निघणाऱ्या शांघाय क्रमवारीत ३० टक्के वजन माजी विद्यार्थी आणि प्राध्यापकांना मिळालेल्या नोबेल व फील्ड्स पदकांना आहे. क्यूएस या संस्थेच्या विषयवार क्रमवारीत नावलौकिकाच्या सर्वेक्षणांना आणि संशोधनाच्या संदर्भसंख्येला वजन आहे. पहिल्या वर्षाच्या लॅबमध्ये किती ब्युरेट फुटक्या आहेत, हे यातलं कुठलंच कोष्टक सांगत नाही. डॉक्टरेटसाठी गट निवडताना या क्रमवाऱ्यांचा थोडा उपयोग होतो. पदवीसाठी ४० वं आणि ९० वं यांत फरक करत बसू नका.

नोकरीच्या टक्केवारीचंही तसंच आहे. ४० पदवीधरांपैकी १२ जणांनी उत्तर दिलं आणि त्यातल्या ११ जणांना नोकरी असली की जाहिरातीत ‘९२ टक्के’ झळकतात. एकूण किती, उत्तर देणारे किती, आणि नोकऱ्या रसायनशास्त्राच्या आहेत का, हे तीन प्रश्न विचारले की आकडा जमिनीवर येतो.

विभागातल्या प्राध्यापकांची यादी एकदा चाळा. वीस जणांत पंधरा ऑरगॅनिकचे आणि फिजिकलचे दोनच असतील, तर तिथे फिजिकल कसं शिकवलं जात असेल याचा अंदाज येतो. एखाद्या प्रसिद्ध प्राध्यापकासाठी मात्र विद्यापीठ निवडू नका. पदवीच्या विद्यार्थ्याशी त्यांची गाठ एखाद्या व्याख्यानमालेपुरती पडते, आणि माणसं विद्यापीठ बदलतात.

यादी: पंचवीसवरून सातवर

सुरुवात २०-२५ नावांनी करा आणि एक तक्ता बनवा. रकाने असे: लॅबचे एकूण तास, यंत्रं स्वतः हाताळायची मुभा, प्रकल्पाचं स्वरूप, मान्यता, प्रवेशासाठी लागणारे विषय आणि गुण, सगळ्या वर्षांचा मिळून खर्च, अर्जाची शेवटची तारीख. खर्चात फक्त शिक्षणशुल्क नको. राहणं-जेवण, लॅबचं शुल्क, फुटलेल्या काचसामानाची अनामत, चष्मे-कोट, परदेश असेल तर व्हिसा आणि विमा हेही धरा. जो रकाना रिकामा राहील, तो भरण्यासाठी अभ्यासक्रम-समन्वयकाला ईमेल करा. प्रवेश-कार्यालयाला नको, तिथून माहितीपत्रकातलंच उत्तर येतं. ईमेलमध्ये तीनच नेमके प्रश्न लिहा. दहा लिहिलेत तर एकाचंही उत्तर येत नाही.

अर्ज सात-आठ पुरेत: दोन अवघड, तीन-चार तुमच्या गुणांना साजेसे, दोन खात्रीचे. गंमत अशी की लोक सगळा वेळ अवघड दोनांवर घालवतात आणि खात्रीचे दोन डोळे झाकून निवडतात. बहुतेकदा जावं मात्र तिथेच लागतं. त्यामुळे खात्रीच्या विद्यापीठाची लॅब सगळ्यात बारकाईने तपासा. जिथे प्रवेश मिळूनही जाणार नाही, ते नाव यादीत ठेवू नका.

ब्रिटनच्या यूकॅस या केंद्रीय प्रवेश-अर्ज व्यवस्थेत जास्तीत जास्त पाच निवडी करता येतात आणि स्वतःबद्दलचं निवेदन पाचांना एकच जातं. तिथे तीन रसायनशास्त्र, एक केमिकल इंजिनिअरिंग आणि एक फार्मसी अशी खिचडी केली की निवेदन कुणालाच पटत नाही.

तयारी प्रवेशाच्या साधारण १५ महिने आधी सुरू करा. आयइएलटीएस आणि टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण दोन वर्षं ग्राह्य धरले जातात, त्यामुळे परीक्षा फार आधी देऊन ठेवण्यात अर्थ नाही. शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांना किमान सहा आठवडे द्या, आणि मागताना आपला तक्ता, गुणपत्रिका व तुम्ही केलेल्या एखाद्या प्रयोगाचं टिपण सोबत जोडा. नाहीतर पत्रात ‘विद्यार्थी नियमित व कष्टाळू आहे’ एवढंच येतं. आणि प्रवेशाचा देकार आला की पैसे भरण्याआधी त्यातल्या अटी वाचा. कुठल्या विषयात किती गुण हवेत, मूळ कागद कोणत्या तारखेपर्यंत पोचवायचे आणि अनामत परत मिळते की नाही, हे त्यातच लिहिलेलं असतं.