नाचणी-ज्वारीची गुळाची बिस्किटे : पीठ भाजण्यापासून डबा भरेपर्यंत

नाचणीची बिस्किटे घरी करायला घेणारी बहुतेक माणसे एकाच ठिकाणी चुकतात. ती मैद्याच्या बिस्किटांची कृती घेतात, मैद्याच्या जागी नाचणीचे पीठ आणि साखरेच्या जागी गूळ घालतात, बाकी सगळे तसेच ठेवतात, आणि मग भट्टीतून निघालेली बिस्किटे एक तर हातात घेताच भुगा होतात किंवा दगडासारखी कडक निघतात. दोष पिठाचा नसतो. नाचणी, ज्वारी आणि बाजरी या धान्यांत ग्लुटेन नसते, म्हणजे गव्हाची कणीक मळल्यावर जो लवचीक ताण येतो तो यांच्या पिठाला कधीच येत नाही. ज्यांनी ज्वारीची भाकरी थापली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. पाणी पुरेसे गरम नसेल तर भाकरीच्या कडांना लगेच चिरा पडतात. बिस्किटांतही पीठ धरून ठेवायचे काम तूप, गूळ आणि पिठात नीट मुरलेला ओलावा यांनाच करावे लागते, आणि म्हणून ही बिस्किटे खरे तर ओव्हनमध्ये जाण्याआधीच बनतात किंवा बिघडतात.

प्रमाण प्रथम सांगते, कारण या पिठांच्या बाबतीत वाटीच्या मापापेक्षा वजनकाटा फार उपयोगी पडतो. नाचणीचे पीठ १०० ग्रॅम, ज्वारीचे पीठ ६० ग्रॅम, कणीक ४० ग्रॅम, साजूक तूप १०० ग्रॅम, बारीक केलेला गूळ १०० ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा चहाचा चमचा, खाण्याचा सोडा अगदी दोन चिमटी, मीठ एक चिमूट, वेलची आणि जायफळ आवडीप्रमाणे, आणि लागेल तसे एक ते तीन मोठे चमचे दूध. एवढ्या साहित्यात साधारण २० ग्रॅमचे एक अशी २० ते २२ बिस्किटे होतात. नुसत्या नाचणीची बिस्किटे करून पाहिली, पण ती तोंडात थोडी पिठूळ लागतात आणि घशाशी रेंगाळतात. ज्वारीने त्यांना हलकेपणा येतो आणि थोड्याशा कणकेने ती तुटत नाहीत. घरात कोणाला गहू वर्ज्य असेल तर कणीक पूर्ण वगळावी, तिच्या जागी ३० ग्रॅम ज्वारीचे पीठ वाढवावे आणि दुधाऐवजी एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवून घालावी. मात्र अशा वेळी गिरणीतून दळून आणलेले पीठ वापरू नये. त्याच जात्यावर दिवसभर गहू दळला जातो आणि त्याचा अंश आपल्या पिठात उतरतोच. ज्यांना ग्लुटेनचा खरा आजार आहे त्यांना तेवढाही त्रासदायक ठरतो.

पुण्यात हे साहित्य मिळवायला कोठे लांब जावे लागत नाही. मुळशी, वेल्हे, मावळ या डोंगराळ भागांत नाचणी पिकते, सोलापूर-मंगळवेढ्याकडची ज्वारी शहरातल्या कोणत्याही भुसार दुकानात असते, आणि मार्केट यार्डात गुळाच्या ढेपा कायमच दिसतात. २०२३ हे आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हापासून तर तयार पिठांच्या पुड्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही ठेवलेल्या असतात. तरीही मी धान्य आणून, निवडून, गिरणीतून बारीक दळून आणणे पसंत करते. भाकरीला चालणारे थोडे रवाळ पीठ बिस्किटांत कचकचते, म्हणून गिरणीत ‘बारीक’ असे आठवणीने सांगावे आणि घरी आणल्यावर मैद्याच्या चाळणीने पुन्हा चाळून घ्यावे. नाचणी धुऊन, सावलीत खडखडीत वाळवूनच दळायला द्यावी. तिच्यात माती आणि बारीक खडा हमखास असतो.

गुळाबद्दल थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण सर्वाधिक गैरसमज तेथेच आहेत. पिवळाधमक, चमकदार गूळ शुद्ध असतो असे अनेकांना वाटते, पण तो रंग बहुधा गुऱ्हाळात रस उकळताना घातलेल्या रसायनांनी आणलेला असतो. त्यांशिवाय केलेला गूळ गडद तपकिरी आणि थोडा मऊ असतो. बिस्किटांना हाच गडद गूळ घ्यावा, त्याची चव नाचणीशी सख्ख्या बहिणीसारखी जुळते. दुसरी गोष्ट स्पष्टच सांगते : गूळ हाही मुख्यतः साखरच आहे. त्यात थोडी खनिजे आणि उसाच्या रसाची चव राहिलेली असते, पण उष्मांक साखरेच्या जवळपास तेवढेच असतात आणि रक्तातील साखर त्यानेही वाढते. मधुमेह असलेल्या वडीलधाऱ्यांना ‘गुळाची आहेत, खा’ असे म्हणून चार बिस्किटे देणे योग्य नाही. नाचणीचेही तसेच. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, ही तिची खरी थोरवी, पण आपल्या कृतीत तेवढी नाचणी २२ बिस्किटांत विभागली जाते, म्हणजे एका बिस्किटात साधारण १५ मिलिग्रॅम येते. मुलांच्या हाडांसाठी नाचणीची भाकरी, आंबील किंवा सत्त्वच हवे. बिस्किटे हा खाऊ आहे, आणि मैदा, डालडा व नुसती साखर यांच्या खाऊपेक्षा चांगला खाऊ आहे, एवढे मला पुरेसे वाटते.

आता पीठ भाजण्याकडे वळू. ही पायरी गाळली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. जाड बुडाच्या कढईत नाचणीचे आणि ज्वारीचे पीठ एकत्र घेऊन अगदी मंद आचेवर उलथन्याने सतत हलवत राहावे. पहिली तीन-चार मिनिटे काहीच घडत नाही असे वाटते. पीठ उलथन्याला चिकटते आणि त्याला ओल्या गवतासारखा कच्चा वास येतो. मग पिठातील दमटपणा उडून जातो आणि ते एकाएकी हलके होते, उलथन्यावरून वाळूसारखे सळसळत घसरू लागते. त्यानंतर थोड्याच वेळात नाचणीची गुलाबीसर राखाडी छटा तपकिरीकडे झुकते आणि तव्यावरची भाकरी पलटताना येतो तसा खमंग वास स्वयंपाकघरात पसरतो. तो वास आला की गॅस ताबडतोब बंद करावा आणि पीठ परातीत पसरावे, कारण कढईच्या उष्णतेने ते पुढेही भाजले जात राहते. सगळे मिळून आठ ते दहा मिनिटे लागतात. भाजल्याने कच्ची, मातकट चव जाते, आणि बाजरी वापरत असाल तर आणखी एक लाभ होतो. बाजरीत सुमारे ५ टक्के स्निग्धांश असतो आणि दळल्यानंतर तिच्यातीलच एका घटकामुळे तो लवकर विघटित होऊन पीठ कडू पडते. उष्णतेने ही क्रिया मंदावते. एकदा महिनाभर डब्यात राहिलेल्या बाजरीच्या पिठाची मी बिस्किटे केली आणि पूर्ण ताट टाकून द्यावे लागले. तेव्हापासून बाजरी आठवड्यापुरतीच दळून आणते. कणीक मात्र भाजू नये, तिच्यातील धरून ठेवण्याचा गुण भाजल्याने कमी होतो.

पीठ पूर्ण गार होईपर्यंत गूळ तयार करावा. पहिल्या खेपेला मी गूळ सुरीने चिरून तसाच घातला होता. वाटाण्याएवढे खडे राहिले आणि भाजताना ते वितळून प्रत्येक बिस्किटाला काळे, चिकट खड्डे पडले, कागदही निघेना. गूळ किसणीच्या बारीक बाजूने किसावा, हाताने चोळून गुठळ्या मोडाव्यात आणि रव्याच्या चाळणीतून काढावा. बाजारात मिळणारी कोरडी गूळ पावडरही चालते, पण ढेपेच्या गुळात स्वतःचे पाणी असते आणि पावडरीत ते फारच कमी असते, म्हणून पावडर वापरल्यास दूध तीन चमचे लागते आणि ढेपेचा गूळ असल्यास अनेकदा एकच पुरते. गूळ वितळवून पाक करून घालण्याचा मोह टाळावा, त्याने बिस्किटे पसरतात आणि गार झाल्यावर चिक्कीसारखी कडक होतात.

तूप थिजलेले, पण बोट सहज रुतेल इतके मऊ असावे. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात ते आपोआप तसे असते. एप्रिल-मे महिन्यांत मात्र ते बरणीतच पातळ होते, तेव्हा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून घ्यावे. परातीत तूप आणि गूळ घेऊन तळहाताने पाच-सात मिनिटे फेसावे. साखरेचे टोकदार दाणे तुपात हवा कोंडतात, त्यामुळे साखरेचे मिश्रण पांढरे आणि फुलारलेले होते. गूळ मऊ असल्याने तसे होत नाही, मिश्रण फार तर मधाच्या रंगाचे आणि मलईदार होते; म्हणूनच या कृतीत बेकिंग पावडर आवश्यक ठरते. सोडा दोन चिमट्यांहून अधिक घालू नये. गूळ किंचित आंबट गुणाचा असतो आणि सोड्याचे काम त्यात होते, पण जास्त झालेला सोडा साबणासारखा लागतो.

सर्व पिठे, बेकिंग पावडर, सोडा, मीठ आणि वेलची एकत्र चाळून तुपात मिसळावी. मळू नये, बोटांनी गोळा करावे, आणि दूध चमच्याचमच्याने घालावे. गोळा मुठीत दाबल्यावर एकसंध राहिला आणि अंगठ्याने ढकलल्यावर भेग पडली नाही की थांबावे. मग ताट झाकून ३० मिनिटे बाजूला ठेवावे. हा अर्धा तास मी कधीही वाचवत नाही, कारण नाचणी पाणी सावकाश पिते. लगेच वळलेल्या गोळ्याला कडेने चिरा पडतात आणि तोच गोळा अर्ध्या तासाने गुळगुळीत वळला जातो. उन्हाळ्यात हा वेळ फ्रिजमध्ये काढावा.

लिंबाहून थोडे लहान गोळे वळून तळहातावर चपटे करावेत, जाडी अर्ध्या बोटाएवढी ठेवावी, आणि बटर पेपर लावलेल्या ट्रेमध्ये दोन बोटे अंतर सोडून मांडावेत. ओव्हन १० मिनिटे आधी १६० अंश सेल्सिअसवर तापवून ठेवावा. माझ्या लहानपणी आजी रवा, मैदा, तूप आणि पिठीसाखर डब्यात भरून पेठेतल्या एका बेकरीत नानकटाई भाजून आणायला घेऊन जात असे, आणि तेथे पाव काढून झाल्यावर भट्टीची धग उतरली की मगच आमच्या ट्रेची पाळी येई. ते थांबणे तेव्हा कंटाळवाणे वाटे, पण त्यामागचे कारण पक्के होते : तूप आणि गोड जास्त असलेल्या पदार्थाला उतरती, शांत आच लागते. गूळ तर साखरेपेक्षा लवकर करपतो, म्हणून १८० अंशांची सवय येथे सोडावी.

१५ ते १८ मिनिटे भाजावे. रंगावरून अंदाज मात्र घेता येत नाही, कारण नाचणीचे बिस्किट कच्चे असतानाही तपकिरीच दिसते. मी तीन खुणा पाहते : कडा कोरड्या आणि मधला भाग अजून किंचित मऊ असणे, एक बिस्किट उलथन्याने उचलल्यावर ते बुडाशी न चिकटता सुटणे, आणि वासातील तुपाचा वास मागे पडून गुळाचा खमंग वास पुढे येणे. करपट वास येऊ लागला तर उशीर झालेला असतो. बाहेर काढल्यावर बिस्किटे मऊच असतात आणि लगेच उचलली तर मोडतात. ट्रेमध्येच दहा मिनिटे राहू द्यावीत, मग जाळीवर काढावीत. गार होताना ती कुरकुरीत होतात.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत बोटभर मीठ पसरून, त्यावर लहान रिंग ठेवून, घट्ट झाकणाखाली १० मिनिटे मध्यम आचेवर तापवावी आणि मग ताटली ठेवून अगदी मंद आचेवर २० मिनिटांच्या आसपास भाजावे. बिस्किटे खालून लवकर रंगतात, म्हणून ताटली जाड असावी. रिकामा प्रेशर कुकर असा तापवू नये, तो खराब होतो.

थंडीत, विशेषतः भोगी-संक्रांतीच्या सुमारास, नाचणीऐवजी बाजरी घेऊन दोन चमचे भाजलेले तीळ घालावेत. बाजरीच्या भाकरीला तीळ लावणाऱ्या घरांत ही चव ओळखीची निघते, आणि वेलची-जायफळाऐवजी तेथे सुंठ अधिक शोभते.

पूर्ण गार झाल्यावरच बिस्किटे घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरावीत. कोमट भरली तर आतल्या वाफेने दुसऱ्याच दिवशी नरम पडतात. एरवी ती दहा-बारा दिवस उत्तम राहतात, पण जुलै-ऑगस्टच्या झडीत गूळ हवेतील ओलावा ओढून घेतो आणि तीन-चार दिवसांतच बिस्किटांचा कुरकुरीतपणा जातो. तेव्हा थोडीच करावीत, आणि नरम पडलीच तर १२० अंशांवर सहा-सात मिनिटे ठेवून जाळीवर गार करावीत. हा उपाय एका घाण्याला एकदाच करावा, दुसऱ्या वेळी गूळ कडवट लागतो.