'चार्ज' शब्द दिसला की या चुका टाळा

मागच्या आठवड्यात गावातले एक काकाजी सकाळी सकाळी माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आले, मोबाईल पुढे केला न म्हणे, "भाऊ, पाह्य बरं, माह्यावर चार्ज लावला म्हणते, म्या तं कोनाचं काही बिघडवलं नाही." मेसेज बँकेचा होता. एसएमएसचे 17 रुपये 70 पैसे कापले होते, म्हणजे 15 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, बस एवढंच. पण काकाजीनं हा शब्द आजवर चार्जशीटमध्येच ऐकलेला, त्यामुळे माणूस रात्रभर झोपला नव्हता. तेव्हाच ठरवलं की यावर नीट लिहायचं.

आधी शब्द कुठून आला ते पाहू, मग बाकी सोपं जाते. लॅटिनमध्ये 'कारुस' म्हणजे गाडी, हा शब्द रोमन लोकांनी गॉलच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या लोकांकडून उचलला. त्यावरून 'कारिकारे' म्हणजे गाडीत माल भरणं, आणि जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तो चार्ज. कार, कॅरी, कार्गो हे सगळे याचेच भाऊबंद. आपण बंडीत कापूस भरतो ना, तेच हे. म्हणून चार्ज दिसला की घाबरायच्या आधी एवढंच पाहा, माल कोणता आहे आणि कोणाच्या बंडीवर ठेवला आहे.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कर्जाच्या कागदातला चार्ज फी समजणं. इंग्रजी कागदावर जमिनीवर चार्ज क्रिएट केला असं लिहिलेलं असते, तो बोजा आहे बोजा! फेरफार होऊन सातबाऱ्यावर इतर अधिकारात बँकेचं नाव न रक्कम चढते. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम 100 मध्ये हाच चार्ज सांगितला आहे, आणि आपल्याकडे त्याला बोजा म्हणतात हे किती बरोबर आहे पाहा, दोन्हीकडे वजनच. आमच्या घरी बाबांचं कर्ज फिटलं तेव्हा बँकेनं 'चार्ज रिलीज'चा कागद दिला, मला वाटलं काही फी माफ झाली असेल, फाईलमध्ये ठेवून दिला. दोन वर्षांनी धाकट्या भावाला ट्रॅक्टरसाठी कर्ज पाहिजे होतं तर सातबाऱ्यावर जुना बोजा जसाच्या तसा, आणि पेरणीच्या तोंडावर तहसीलच्या चकरा. म्हणून कर्ज फिटलं की बेबाकीचा दाखला लगेच तलाठ्याकडे द्या, बोजा कमी करायचा अर्ज करा, आणि फेरफार मंजूर झाला की नवीन सातबारा काढून तो रकाना स्वतःच्या डोळ्यानं वाचा, कोणी 'झालं' म्हटलं म्हणून विश्वास ठेवू नका.

आता चार्जशीट. आपला 'आरोप' शब्दही मुळात वर ठेवणं, लावणं असाच आहे, वृक्षारोपणातलं आरोपण तेच. माणसावर ठेवलेला माल म्हणजे दोषारोप. पण लोक एफआयआर झाला की चार्जशीट लागली म्हणतात, आणि चार्जशीट लागली की गुन्हेगार ठरवून मोकळे होतात. एफआयआर ही सुरुवात, चार्जशीट तपास संपल्यावर पोलीस कोर्टात देतात, आणि आरोप ठेवायचे की नाही हे त्यानंतर कोर्ट ठरवते. नुसत्या चार्जशीटवरून जुळलेली सोयरीक मोडलेली मी पाहिली आहे, फार वाईट वाटते.

लाठीचार्ज वेगळा वाटतो पण शस्त्र भरणं, रोखणं आणि मग तुटून पडणं असा तो अर्थ सरकत गेला. बंदुकीत दारू भरणं हाही चार्जच. विजेचे प्रयोग करताना बेंजामिन फ्रँकलिनने हाच शब्द विजेसाठी वापरला, आणि तोफांच्या रांगेला जे बॅटरी म्हणायचे तेही 1749 मध्ये काचेच्या वीजभरल्या बरण्यांच्या रांगेला लावलं. मोबाईलची बॅटरी चार्ज करतो ते तिथून आलं. आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात त्याला प्रभार म्हणतात, आणि शाळेतले प्रभारी मुख्याध्यापक म्हणजे इन्चार्ज, दोन्हीत भार आहेच. पेपरला बसणाऱ्या पोरांनी एक ध्यानात ठेवा, 'इन चार्ज ऑफ' म्हणजे ज्याच्याकडे जबाबदारी आहे तो, आणि मधात 'द' आला, 'इन द चार्ज ऑफ', की ज्याला दुसऱ्याच्या ताब्यात दिलं आहे तो. या एका 'द' नं अर्थ पुरा उलटा होते.

डिस्चार्ज म्हणजे बंडी रिकामी करणं. दवाखान्यातून सुट्टी होते ते डिस्चार्जच, पण कागदावर 'डामा' लिहिलं असेल तर ती साधी सुट्टी नाही, डॉक्टरचा सल्ला नसताना तुम्ही आपल्या जबाबदारीवर पेशंट नेऊन राहिले असा त्याचा अर्थ, सही करायच्या आधी विचारा. आणि वैनगंगेच्या काठच्या लोकांनी हे तर लक्षात ठेवाच, गोसीखुर्दमधून 5000 क्युसेक डिस्चार्ज असा मेसेज आला तर ते पाणी सोडून राहिले, म्हणजे दर सेकंदाला जवळपास 1 लाख 41 हजार लिटर. मराठीत विसर्ग लिहितात तो हाच. मेसेज पाहिला की काठावरची मोटर न पाईप वर ओढून घ्या, आणि त्या दिवशी ढोरं नदीकडे सोडू नका.