परदेशी खासगी विक्रेत्याकडून मागवलेलं पार्सल हरवलं, तर पैसे कसे सोडवायचे

पार्सल येत नाही म्हटलं की चार जण सांगतात, 'थोडी वाट बघा.' त्यांचे पैसे अडकलेले नसतात. वाट जरूर बघा, पण तारखा लिहून ठेवून. वस्तू मिळाली नाही ही तक्रार ईबे या खरेदी-विक्रीच्या साइटवर, वस्तू पोचण्याच्या अंदाजे शेवटच्या तारखेनंतर ३० दिवसांत करावी लागते; पेपाल या ऑनलाइन पैसे भरण्याच्या सेवेवर पैसे भरल्यापासून १८० दिवसांत. चार पैसे वाचवायला पेपालच्या 'फ्रेंड्स अँड फॅमिली'तून, म्हणजे ओळखीच्यांना पैसे पाठवायच्या पर्यायातून, रक्कम पाठवली असेल, तर पेपालचं संरक्षण विसरा.

समजा, जर्मनीतल्या एका हौशी माणसाकडून जुनी लेन्स घेतलीत. ट्रॅकिंग नंबर दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी 'डीई' असा असेल, तर तो आपल्या टपाल खात्याच्या साइटवरही टाकून बघा. कस्टम्समध्ये अडकलेलं पार्सल हरवलेलं नसतं. बिल आणि पैसे भरल्याचा पुरावा तयार ठेवा आणि फॉरेन पोस्ट ऑफिसकडे चौकशी करा. मुंबईचं बॅलार्ड इस्टेटला आहे.

आता खरी डोकेदुखी. तुम्ही पोस्टात गेलात की सांगतात, 'पाठवणाऱ्याला तक्रार करायला सांगा.' विक्रेता म्हणतो, 'मी पाठवलं, पुढचं तुमचं तुम्ही बघा.' या ढकलाढकलीत मीही भरपूर हेलपाटे घातलेत. हरवलेल्या पार्सलच्या शोधाचा अर्ज पाठवणाऱ्यानेच त्याच्याकडच्या टपाल सेवेकडे करणं शहाणपणाचं, कारण पावती त्याच्याकडे असते आणि भरपाईवर पहिला हक्कही त्याचाच. आंतरराष्ट्रीय टपाल करारानुसार ही चौकशी पार्सल टाकल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिन्यांत करावी लागते. म्हणून पहिल्याच संदेशात तीन गोष्टी मागा: पावतीचा फोटो, पार्सल कोणत्या सेवेने पाठवलं ते, आणि शोध-अर्जाचा क्रमांक. डीएचएल या जर्मन पार्सल सेवेच्या नेहमीच्या आंतरराष्ट्रीय पार्सलला ५०० युरोपर्यंत विमा असतो, स्वस्तातल्या छोट्या पाकिटाला नसतो. सगळं बोलणं साइटच्या मेसेजमध्येच करा. व्हॉट्सॅपवरची आश्वासनं निकालाच्या वेळी कोणी विचारात घेईल याची खात्री नाही.

जर्मन विक्रेता तिथल्या दिवाणी कायद्याचं कलम ४४७ तोंडावर फेकेल. खासगी विक्रीत वस्तू वाहतूकदाराच्या हवाली झाली की जोखीम खरेदीदाराची, असं ते कलम म्हणतं. तो खोटं बोलत नसतो, त्यामुळे त्याला लगेच चोर ठरवू नका. मात्र पेपाल आपल्या नियमांनी निकाल देतं, या कलमाने नव्हे. तरी एक लक्षात असू द्या: २२ नोव्हेंबर २०१७ रोजी जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने स्पष्ट केलंय की पेपालने खरेदीदाराला पैसे परत दिले, तरी विक्रेता किमतीसाठी कोर्टात जाऊ शकतो. म्हणून मी विक्रेत्याशी भांडत बसण्यापेक्षा त्याला विम्याची रक्कम मिळवून द्यायला मदत करते. त्यासाठी 'पार्सल मिळालं नाही' असं सहीचं पत्र लागलं, तर लगेच द्या. त्याचं नुकसान भरून निघालं की तुमच्याशी भांडायला त्याच्याकडे कारण उरत नाही.

पण मदत करायची ती केस, म्हणजे पेपालवरची तुमची तक्रार, चालू ठेवूनच. 'तुम्ही केस बंद करा, मी लगेच पैसे पाठवतो' या वाक्याला अजिबात भुलू नका. पेपालवर बंद केलेली केस पुन्हा उघडता येत नाही. माणूस सज्जन असेल, तर तो केस उघडी असतानाही पैसे परत करू शकतो. आणखी एक खड्डा: पेपालवर तक्रार आधी 'डिस्प्यूट' म्हणून, म्हणजे विक्रेत्याशी बोलून मिटवायला, उघडते; २० दिवसांत तिचं 'क्लेम'मध्ये, म्हणजे पेपालने निकाल द्यावा या मागणीत, रूपांतर केलं नाही, तर ती आपोआप बंद होते. विक्रेता कितीही गोड बोलत असला, तरी अठराव्या दिवशी क्लेमचं बटण दाबा.

ट्रॅकिंगवर 'डिलिव्हर्ड' दिसतंय आणि हातात काही नाही, अशा वेळी आधी शेजारी आणि वॉचमनला विचारा, मग वाटप करणाऱ्या पोस्टात लेखी तक्रार देऊन तिचा क्रमांक घ्या. टपाल खात्याचा टोल-फ्री नंबर १८०० २६६ ६८६८ आहे, पण तुमच्या बाजूने वजन पडतं ते लेखी कागदाचं. तो स्कॅन करून क्लेमला जोडा.

क्लेमचा निकाल लागला की रक्कम आली तशीच परत जाते, म्हणजे कार्डाने भरली असेल तर कार्डावर. त्यानंतर महिन्याभराने पार्सल दारात आलं, तर विक्रेत्याला त्याच दिवशी कळवा आणि पैसे द्यायचे की वस्तू परत पाठवायची, ते त्यालाच ठरवू द्या.