इंजिनमध्ये ऑइल फिरवणारा ऑइल पंप जुनाच ठेवायचा की बदलायचा?

रावेर-यावलकडे केळीचे घड वाहणारे ट्रॅक्टर मे महिन्यात इंजिन खोलायच्या कामाला येतात, तेव्हा हा प्रश्न हमखास निघतो. पंप खोला, धुऊन पुसा आणि झाकणाच्या आतल्या बाजूवर नख फिरवा. नख अडकलं, तर पंप बदलाच. नुसती चकाकी असेल तर घाबरू नका. गिअर आणि बॉडीमधली फट फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मोजा, वर सरळ पट्टी आडवी धरून तिच्याखालचीही मोजा. मर्यादा त्याच इंजिनच्या मॅन्युअलमधली धरा, अंदाजाने नको. गरम होऊन पातळ झालेलं ऑइल याच फटीतून मागे सरकतं, म्हणून सकाळी प्रेशर चांगलं आणि तासभर नांगरल्यावर स्लो रेसला (इंजिन नुसतं हळू चालू असताना) ऑइलचा लाल दिवा. (बेअरिंग घासली तरी असंच होतं, तीही बघा.)

ऑइल चेंबरमध्ये (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं तिथे) बेअरिंगचा चुरा सापडला, तर मापात बसणारा जुना पंपही मी घालत नाही. जाळीतून निसटलेला एक कण पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडणारा) अडकवतो, प्रेशर पडतं, आणि बेअरिंगसोबत खराब झालेला क्रँक पुन्हा ग्राइंड करायचा खर्च पंपाहून कितीतरी मोठा.

जुना असो वा नवा, बसवण्याआधी पंपात ऑइल भरून हाताने फिरवा.