ऑफ-रोड गाडी घेताय? छप्पर आणि व्हेरियंट निवडताना या चुका टाळा

गोव्यात नव्या गाडीचं बुकिंग बरेचजण चवथ (गणेश चतुर्थी) ते दिवाळी या दिवसांत करतात, आणि पहिली चूक तिथेच होते. आभाळ नुकतंच मोकळं झालेलं असतं, डोंगर अजून हिरवे असतात, संध्याकाळी वारा सुटतो आणि शोरूमच्या काचेआड उघड्या टपाची गाडी उभी असते. कुणालाही ती हवीशी वाटेल. मलाही वाटली. डिसेंबर मजेत गेला. मिरग लागला आणि तिसऱ्या दिवशी डिचोलीहून वाळपईला जाताना दाराच्या वरच्या शिवणीतून पाण्याची धार थेट माझ्या उजव्या खांद्यावर आली. वाळपईच्या मेस्त्रीने कापड चाचपलं आणि म्हणाला, "हें पाखें न्हय रे, सत्री!" म्हणजे हे छप्पर नाही, छत्री आहे.

तेव्हापासून कुणी सल्ला विचारला की मी एवढंच सांगतो, शोरूममध्ये जाताना डोळ्यांसमोर जुलै महिना ठेवा. पणजीत वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. घाटाच्या पायथ्याशी, सत्तरी-सांग्यात तर त्याहून जास्त.

उघड्या टपाचे दिवस न मोजणे

कॅलेंडर घेऊन बसा. पावसाचे चार महिने गेले. ऑक्टोबरात दुपारी तापतं आणि संध्याकाळी गडगडतं. मार्च ते मे सकाळी नऊनंतर टप उघडून फिरणं म्हणजे डोकं भाजून घेणं. उरतात नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळ-संध्याकाळी. त्यातूनही रस्त्याचं काम चालू असलेली, ट्रकांची वर्दळ असलेली वाट वजा करा, कारण आपली तांबडी धूळ उघड्या गाडीत शिरली की डॅशबोर्डच्या फटींतून महिनाभर निघत राहते. शिवाय कापडी टप उघडणं-मिटणं हे एकट्याचं घाईचं काम नाही. अर्धा मिटला असताना सर आली तर काय होतं, ते ज्याने भोगलंय त्यालाच विचारा.

याचा अर्थ सॉफ्टटॉप, म्हणजे कापडी टपाची गाडी, घेऊच नये असा नाही. घरात दुसरी बंद गाडी असेल आणि ही गाडी पक्क्या शेडमध्ये उभी राहणार असेल, तर खुशाल घ्या. मग मात्र सवयी बदलाव्या लागतात. ओला टप कधीही घडी करून ठेवायचा नाही, दोन दिवसांत काळे ठिपके धरतात. बुरशी आलीच तर सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश, नंतर उन्हात पूर्ण वाळवणं. ब्लीच लावू नका, शिवणीचा दोरा कुजतो. प्लॅस्टिकच्या खिडक्या कोरड्या फडक्याने पुसल्या तर धुळीतली खडी त्यावर कायमचे ओरखडे उठवते. आधी पाण्याने धूळ वाहून जाऊ द्या. झिपमध्ये वाळू अडकली की ओढाताण न करता धुवून सिलिकॉनचा स्प्रे मारा. आणि मौल्यवान वस्तू गाडीत ठेवायच्या नाहीत. कापडाला कुलूप नसतं, ब्लेड पुरतं.

अजून मन ठरत नसेल तर एक सोपी परीक्षा आहे. पर्यटकांसाठीच्या काळ्या पाटीच्या उघड्या गाड्या पावसाळ्यात स्वस्तात मिळतात. जुलैत दोन दिवस एक भाड्याने घ्या, आईला मागे बसवा आणि म्हापशाचा शुक्रवारचा बाजार करून या. निर्णय आपोआप होईल.

'हार्डटॉप' म्हणजे लोखंडी छप्पर असं समजणे

हा घोटाळा फार होतो. गाडीच्या छपराचे ढोबळमानाने तीन प्रकार. एक कापडी. दुसरा, साच्यातून काढलेला फायबरसारख्या कॉम्पोझिटचा टप, जो बोल्टने बसवलेला असतो. तिसरा, बॉडीचाच भाग असलेलं पत्र्याचं छप्पर. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या महिंद्राच्या तीन दारांच्या थारला पहिले दोन प्रकार मिळत. मारुतीची जिम्नी, फोर्सची गुरखा आणि १५ ऑगस्ट २०२४ ला आलेली पाच दारांची थार रॉक्स यांचं छप्पर पत्र्याचं. जीप रँग्लरची गोष्ट आणखी वेगळी, तिच्या हार्डटॉपचे पुढच्या सीटवरचे तुकडे सुटे काढता येतात. व्हेरियंटची यादी कंपन्या सारखी बदलत असतात, त्यामुळे 'अमक्याकडे आहे' यावर न जाता आज कोणत्या व्हेरियंटला कोणतं छप्पर मिळतं ते कोटेशनवर लिहून घ्या.

फरक कुठे पडतो? चवथीला माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या मांडवाचं) सामान, कोहळे, केळीचे घड आणि वर दोन टोपल्या कॅरियरवर बांधायच्या असतात. बोल्टवर बसवलेला कॉम्पोझिट टप असल्या वजनासाठी नसतो. पत्र्याच्या छपरालाही मर्यादा असते. ती मॅन्युअलमध्ये किलोत दिलेली असते आणि त्यात कॅरियरचं स्वतःचं वजनही धरायचं असतं. लोखंडी कॅरियर तीसेक किलोचा बसवला की मर्यादेचा बराच भाग सामान चढवण्याआधीच संपतो. छपराला भोकं पाडून कॅरियर बसवणारे दुकानदारही आहेत. समुद्राच्या हवेत त्या प्रत्येक भोकापासून गंज सुरू होतो, आणि तो आधी आतल्या बाजूने खातो.

आतून अस्तर आहे का, हेही बघा. अस्तर नसलेल्या टपावर पावसाचा आवाज एवढा होतो की फोन ऐकू येत नाही, आणि एप्रिलमध्ये एसीला दम लागतो. काळा टप तर आणखी तापतो. दिसायला झकास, कबूल.

माडाखाली गाडी लावू नका हे गोंयकाराला सांगायला नको. तरी सांगतो, नारळ कापडालाही सोडत नाही आणि काचेलाही.

'टप नंतर बदलू' म्हणणे

आता सॉफ्टटॉप घेऊ, पुढे बाहेरून हार्डटॉप बसवून घेऊ, असा हिशेब बरेचजण करतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये आणि आरसीवरच्या नोंदीत फरक पडेल असा बदल परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. हटकलं गेल्यावर दंड होतो ते एक. पण अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर टपाकडे बोट दाखवतो तेव्हा जास्त महागात पडतं. गाडीच्या तोंडाशी बसवलेल्या लोखंडी बुलबारचीही तीच गत, २०१७ च्या डिसेंबरात केंद्राने राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं होतं. तेव्हा छप्पर हवं ते पहिल्याच दिवशी, कंपनीचं घ्या.

सनरूफ घेऊन विसरून जाणे

वरच्या व्हेरियंटला सनरूफ, म्हणजे छपरातली उघडती काच, येतो, रॉक्सच्या सगळ्यात वरच्या व्हेरियंटला तर पॅनोरमिक, म्हणजे लांबरुंद. सनरूफचा रबर पाणी शंभर टक्के अडवतो असा समज असतो. तसं नसतं. थोडं पाणी आत येणार हे गृहीत धरूनच चौकटीला पन्हळ असते आणि कोपऱ्यांतून बारीक नळ्या खांबांमधून खाली उतरतात. आंब्याचा मोहोर, सुरूच्या काड्या आणि तांबडी धूळ त्या नळ्यांत बसली की पाणी खाली जायच्या ऐवजी छताच्या अस्तरात उतरतं.

मे संपायच्या आत सनरूफ उघडून पन्हळ पुसा आणि प्रत्येक कोपऱ्यात अर्धा पेला पाणी हळूच ओता. चाकाजवळ जमिनीवर ठिबकलं तर नळी मोकळी. नाही ठिबकलं तर तार घालू नका, नळी आतल्या आत निसटते. सर्व्हिस सेंटरला सांगा.

कुठे जाणार हे न ठरवता व्हेरियंट ठरवणे

गोव्यात ऑफ-रोड म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर समुद्रकिनारा येतो. किनाऱ्यावर गाडी घालणं इथे बेकायदा आहे, आणि मोरजी-आगोंद-गालजीबागला तर कासवं अंडी घालतात. दूधसागरलाही स्वतःची गाडी नेता येत नाही, कुळ्याहून तिथल्याच जिपा जातात. मग आपली खरी ऑफ-रोड कोणती? काजूच्या बागायतीची चढण, पावसात साबणासारखी झालेली तांबडी माती, चोर्ला-अनमोडच्या बाजूच्या गावांच्या वाटा.

तुमची बागायत असेल तर पैसे फोर बाय फोर (चारही चाकांना जोर), लो-रेंज (चढणीसाठी हळू पण ताकदीचे गिअर) आणि डिफरन्शियल लॉक (एक चाक नुसतं फिरत राहिलं तरी दुसऱ्याला जोर देणारं) यांकडे जाऊ द्या, डॅशबोर्डवरच्या स्क्रीनच्या इंचांकडे नको. जिम्नीचं इथे सोपं आहे. जून २०२३ पासून विकल्या गेलेल्या झेटा आणि अल्फा या दोन्ही व्हेरियंटना लो-रेंजसह फोर बाय फोर मिळतं, वरच्याला मुख्यतः अलॉय चाकं, एलईडी दिवे वगैरे. गुरखाला पुढच्या-मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलना लॉक असतं. रॉक्समध्ये फोर बाय फोर डिझेललाच दिलं. आणि घर-ऑफिस-किनारपट्टी एवढंच फिरणं असेल तर फोर बाय टू (दोनच चाकांना जोर) घ्यायला लाज वाटू देऊ नका. जानेवारी २०२३ मध्ये आलेली १.५ लिटर डिझेलची मागच्या चाकांवर चालणारी थार चार मीटरच्या आतली आहे, त्यामुळे सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावर जीएसटी १८ टक्के, तर मोठ्या इंजिनांवर ४० टक्के.

चाकांचं गणित शोरूममध्ये कुणी सांगत नाही. २०२० च्या थारच्या खालच्या व्हेरियंटला २४५/७५ आर१६ टायर होते, वरच्याला २५५/६५ आर१८. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के भिंत उंच ते, आरनंतरचा रिमचे इंच. गुणाकार केलात तर टायरची भिंत पहिल्यात सुमारे १८४ मिलिमीटर आणि दुसऱ्यात १६६. खड्ड्यात आणि धारदार दगडावर हे अठरा मिलिमीटर कामाला येतात. स्टीलची रिम वाकली तर गावातला पंक्चरवाला ठोकून देतो, अलॉय तडकली की पणजी गाठा. मी दोन्ही वापरलंय, आज निवडायची झाली तर सोळा इंचीच घेईन.

लेदरेटच्या, म्हणजे नकली चामड्याच्या, सीट शोरूममध्ये भारी वाटतात. आर्द्रतेत पाठीला चिकटतात, पण ओल्या माणसांना बसवायचं असेल तर पुसून निघतात. कापडी सीट उलट. हा आवडीचा प्रश्न. आवडीचा नाही तो मागच्या सीटचा. तीन दारांच्या गाडीत पुढची सीट ढकलून मागे चढणं साठीच्या माणसाला जमतं का, ते त्या माणसालाच शोरूममध्ये आणून बघा. माझ्या आईने एकदा प्रयत्न केला, आणि नंतर तीन वर्षं बसने गेली.

पाणी आलंच तर आधी ओळखा, मग भांडा

पायाखालची मॅट ओली दिसली की सगळे छपराला दोष देतात. बऱ्याचदा ते एसीचं पाणी असतं. कोरड्या दिवशीही एसी लावल्यावर डाव्या बाजूला स्वच्छ, थंड पाणी साचत असेल तर एसीची निचऱ्याची नळी तुंबलीय, छपराचा संबंध नाही. पावसानंतरच येत असेल आणि तांबूस असेल तर बाहेरून शिरतंय. मग गाडी कोरडी करा, दाराच्या आणि टपाच्या रबराला आतून टाल्कम पावडर फासा, आणि एकाने आत टॉर्च घेऊन बसावं, दुसऱ्याने खालून वर हळूहळू पाणी मारावं. पावडरीत जिथून ओघळ निघेल तिथे दुखणं. खालून सुरुवात करायची ती अशासाठी, की वरून मारलं तर सगळीकडूनच आल्यासारखं दिसतं.

वेगात शीळ वाजत असेल तर टपाच्या एकेका सांध्यावर मास्किंग टेप चिकटवून हायवेला चक्कर मारा. ज्या टेपने आवाज थांबला तो सांधा दाखवून द्या, म्हणजे 'आम्हाला काही ऐकू येत नाही' हे उत्तर मिळत नाही.

हे सगळं डिलिव्हरीआधीच करता येतं. पैसे पूर्ण भरण्याआधी आणि आरटीओच्या पासिंगआधी गाडी वॉशिंग बेवर घ्यायला सांगा. सेल्समन हसेल, हसू दे. दहा मिनिटं टपाच्या कडांवर आणि मागच्या दारावर पाइप धरायला लावा, मग चारही मॅट उचलून त्यांच्याखाली हात घाला, छताच्या अस्तराचे कोपरे दाबून बघा. हात कोरडा निघाला की पासिंगला हो म्हणा.